गाडीसाठी स्थळ

न्हावी, शिंपी आणि डॉक्टर एकदा निवडले की माणसाने जन्मभर बदलू नयेत, असे आमचे आजोबा म्हणत. न्हाव्याला डोक्यावरचे भोवरे पाठ असतात, पोट कोणत्या दिवाळीला किती सुटले याची बखर शिंप्याकडे असते, आणि डॉक्टरांना पेशंटपेक्षा पेशंटच्या बायकोचा स्वभाव जास्त ठाऊक असतो. या यादीत चौथे नाव घालण्याची पाळी माझ्यावर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी आली. तीही पुण्यात नव्हे, अमेरिकेत, टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहराच्या कडेला. ते चौथे नाव म्हणजे ट्यूनर.

ट्यूनर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तंबोरा जुळवत बसलेला बुवांचा शिष्य आला असेल. माझ्याही आला. पण हा ट्यूनर गाडीच्या इंजिनाचा. आपल्याकडे पूर्वी 'ट्यूनिंग करून घेतली' म्हणजे काय असायचे? प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे, पॉइंटमध्ये पातळ पट्टी घालून अंतर बघायचे, कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे करायचा आणि शेवटी मेकॅनिकने मान तिरकी करून "आता बघा!" म्हणायचे. त्या 'आता बघा'चेच पैसे. हल्लीच्या गाडीला कार्बोरेटरही नाही आणि पॉइंटही नाहीत. त्यांच्या जागी एक कॉम्प्युटर आहे. पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी पाडायची, गिअर कधी बदलायचा, हे सारे तो आपल्या पोटातले तक्ते पाहून ठरवतो. ते तक्ते बदलणारा माणूस तो ट्यूनर. त्याच्या हाताला ग्रीस लागत नाही. आमच्या काळी ज्याच्या हाताला ग्रीस नाही, त्याला मेकॅनिक न म्हणता साहेब म्हणत.

ही सगळी विद्या मला शिकावी लागली ती आमच्या जावईबापूंमुळे. जावईबापू मूळचे तासगावचे. ह्यूस्टनला कॉम्प्युटरमध्येच काहीतरी करतात. काय करतात ते मी लग्नाच्या बैठकीत विचारले होते, त्यांनी सांगितलेही होते, आणि मुलीच्या बापाने मान डोलवायची असते म्हणून मी डोलवलीही होती. माणूस अतिशय गुणी. सुपारीचे खांड नाही, पत्त्याचे पान नाही. व्यसन एकच : पिकअप ट्रक.

इथे थोडा भाषेचा घोटाळा आहे. आपल्याकडे पिकअप हा गाडीचा गुण असतो, अमेरिकेत तो गाडीचा प्रकार आहे. "गाडीला पिकअप नाही" हे वाक्य टेक्सासात उच्चारले तर लोक गाडीच्या मागे जाऊन बघतील. पुढे मोटारीसारखी बसायची जागा आणि मागे उघडा हौदा, अशी ही गाडी. जावईबापूंची गाडी फोर्ड कंपनीची, एफ-१५०, २०१८ सालची. फोर्डची ही एफ मालिका निघाली १९४८ साली, आणि आपली पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला धावली तीही १ जून १९४८ ला. म्हणजे दोघी एकाच वयाच्या. एकीने आयुष्यभर महाराष्ट्र वाहून नेला. दुसरीच्या मागच्या हौद्यात मी पाहिले तेव्हा दुधाचे दोन कॅन आणि एक कोबी होता.

एस.टी.चा उल्लेख उगाच नाही केला. मी एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत तेहतीस वर्षे काढली आणि २०१२ साली निवृत्त झालो. जावईबापूंच्या मनाने तेवढ्यावरून मला इंजिनाचा महर्षी ठरवले. वस्तुस्थिती अशी की मी होतो भांडार विभागात. पिस्टन, रिंगा, गॅस्केट, बेअरिंग, सगळ्यांची नावे, नंबर आणि शिल्लक मला तोंडपाठ. पण कोणता नग इंजिनात कुठल्या बाजूने शिरतो हे बघायला मी कधी जात नसे. नग बाहेर पडताना सही घ्यायची, एवढाच माझा आणि त्याचा संबंध. ही गोष्ट मी जावईबापूंना लग्नाआधीच सांगितली होती. त्यांनी ती सासऱ्याचा विनय म्हणून सोडून दिली.

आम्ही दोघे तिकडे गेलो होतो ते खरे तर लेकीच्या बाळंतपणासाठी. विमानतळावर लेक न्यायला आली होती. सातवा संपत आलेला. सामान हौद्यात चढले, मी चढलो, सौ.ला मी आणि जावयांनी मिळून चढवले, आणि मग लेकीने सीटमागून एक प्लॅस्टिकचे स्टूल काढले, त्यावर पाय ठेवून ती वर चढली आणि दोरीने ते स्टूल वर ओढून घेतले. दोरी स्टुलाला कायमची बांधलेली होती.

"अगं, हे काय?" सौ.ने विचारले.

"तुमच्या जावयांनी गाडी उंच केलीय," लेक म्हणाली. "सहा इंच. आणखी काय काय केलंय ते त्यांनाच विचार. मी विचारायचं सोडलं."

जावईबापूंनी ते घरी पोचेपर्यंत उत्साहाने सांगितले. गाडी उंच केली, कारण मोठी चाके बसावीत. मोठी चाके घेतली, कारण उंच गाडीला लहान चाके शोभत नाहीत. मूळची चाके साधारण बत्तीस इंचांची, ही पस्तीस इंचांची. मग इंजिनाला हवा घेण्यासाठी रुंद नळी बसवली, आणि आत घेतलेला श्वास बाहेर सोडायला नवा सायलेन्सर. या सायलेन्सरचे काम आवाज कमी करणे नसून भारदस्त करणे हे आहे. एवढे झाल्यावर गाडी चांगली चालायला हवी. पण ती बिथरली. गिअर भलत्याच वेळी बदलू लागली, पेट्रोल जास्त प्यायला लागली आणि चढावर धापा टाकू लागली.

याचे कारण जावईबापूंनी समजावून दिले आणि ते मला पटले. गाडीच्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलेलेच नव्हते की चाके बदलली! तो बिचारा जुन्या बत्तीस इंची चाकाच्या हिशेबाने फेरे मोजत होता. चाक मोठे, म्हणजे एका फेऱ्यात अंतर जास्त. काटा ताशी ६० मैल दाखवी तेव्हा गाडी प्रत्यक्षात साडेपासष्टने पळत असे. हवेच्या नळीचेही तसेच. आत किती हवा जाते हे मोजणारा सेन्सर मूळच्या नळीच्या मापाचा. नळी रुंद झाल्यावर त्याचा हिशेब चुकतो. साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असे वजनी प्रमाण इंजिनाला लागते. हवेचाच आकडा चुकला तर पेट्रोलचा कसा बरोबर येणार? मोजमापाच्या वहीत नोंद न करता माल बदलला की काय गोंधळ होतो, हे भांडारातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तर ही नोंद करून देणारा माणूस हवा होता, आणि तो निवडायला जावईबापूंना माझी मदत हवी होती.

"बाबा, तुम्ही फक्त सोबत चला," ते म्हणाले. "माणूस बघा. गाडीचं मी बघतो."

माणूस बघायचा म्हणजे मुलगा बघायचा. हे काम मी एकदा केलेले होते आणि त्याचे फळ समोरच बसले होते. मी हो म्हटले.

तुम्ही म्हणाल, ट्यूनर आणि जावई यांची तुलना ओढूनताणून आहे. ती मी केलेली नाही, त्या धंद्यातच आहे. गाडीचे तक्ते बदलायला एक हातात मावणारे उपकरण मिळते. डॅशबोर्डाखाली एक खाच असते (१९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या मोटारींना ती सक्तीची आहे), त्यात याची वायर खोचायची. उपकरण मूळचे तक्ते स्वतःच्या पोटात जपून ठेवते आणि नवे तक्ते गाडीत घालते. मात्र एकदा हे झाले की ते त्या एकाच गाडीचे होते, दुसऱ्या गाडीला चालत नाही. याला तिथले लोक लग्न झाले असेच म्हणतात! उपकरणाचे गाडीशी लग्न लागले. दुसऱ्या गाडीला वापरायचे तर आधी मूळचे तक्ते परत घालून रीतसर काडीमोड घ्यायचा.

जावईबापूंनी आम्ही यायच्या आधीच असे एक उपकरण निम्म्या किमतीत कुणाकडून तरी विकत घेतले होते. घरी आणून लावले तर ते म्हणाले, माझे लग्न झालेले आहे. आधीच्या मालकाने काडीमोड न घेताच ट्रक विकून टाकला होता. त्या ट्रकचा ठावठिकाणा कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे ते उपकरण ना सधवा ना विधवा, अशा स्थितीत लेकीच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये लाटण्याशेजारी पडून होते. बाळाच्या पाळण्याचे पैसे त्यात गेले, एवढेच लेक म्हणाली, आणि पोळी लाटायला लागली. लाटण्याचा आवाज मात्र जरा भारदस्त होता.

त्या दिवशी मला कळले की प्रश्न गाडीचा राहिलेला नाही. पुढच्या ट्यूनरला द्यायचे पैसे ही त्या घरातल्या शांततेची किंमत होती.

आम्ही पहिले स्थळ पाहिले ते दुकानातले. उपकरण नवे, कुमारिका, किंमत पाचशे डॉलरच्या घरात. आत तयार तक्ते भरलेले असतात : एक ८७ नंबरच्या पेट्रोलचा, एक ९३ च्या, एक ओझे ओढायचा. हे नंबर ऑक्टेनचे. आपल्याकडचे ९१ आणि त्यांचे ८७ जवळजवळ एकच, मोजायची रीत तेवढी वेगळी. विक्रेता हसतमुख होता. पन्नास-साठ घोडे वाढतील म्हणाला. मी त्याच्या प्रत्येक वाक्याकडे लक्ष देऊन होतो. त्याने आम्हाला एकच प्रश्न विचारला : पैसे कार्डाने देणार का? गाडीला काय काय केले आहे, हे त्याने विचारलेच नाही. तयार कपड्यांच्या दुकानात बाह्या लांब आहेत म्हटले की विक्रेता "फॅशन आहे" म्हणतो, तशातला प्रकार. मूळच्या गाडीला हे तयार तक्ते ठीक बसतात. पण नळी, चाके, सगळेच बदललेल्या गाडीला ते कुठे सैल, कुठे घट्ट होणार. मी बाहेर येऊन मान हलवली.

दुसरे स्थळ टपालाने. हा ट्यूनर दुसऱ्या राज्यात राहतो, गाडी त्याने कधीच पाहायची नाही. गाडीची कुंडली ई-मेलने पाठवायची : कोणते पेट्रोल, कोणते प्लग, चाकांचे माप, ओझे ओढता का? मग तो एक फाइल पाठवतो. ती गाडीत घालून रस्त्यावर गाडी पळवायची, त्या वेळचे सगळे आकडे टिपून त्याला पाठवायचे, तो सुधारून दुसरी फाइल पाठवतो, असे चार-पाच वेळा. रीत उत्तम. शिंप्याने टाके घालून अंगावर बघावे, पुन्हा उसवावे, तशी. याने प्रश्न भरपूर विचारले म्हणून मला तो आवडलाही. पण पहिल्या पत्रानंतर नऊ दिवस त्याचे उत्तर नाही. दहाव्या दिवशी एका ओळीचे आले : "भावा, गर्दी आहे." गडबडीच्या दिवसांत मापे घेऊन ठेवणारे आणि कापड दडपून बसणारे शिंपी मी लक्ष्मी रोडवर पुष्कळ पाहिले आहेत. हे स्थळ आम्ही राखून ठेवले.

तिसरे स्थळ नामांकित होते. मोठी शेड, भिंतीवर ढाली आणि काळा धूर सोडणाऱ्या गाड्यांचे फोटो. मध्ये जमिनीत मोठाले रूळ बसवलेले. गाडी पट्ट्यांनी जखडायची, मागची चाके रुळांवर, पुढे मोठा पंखा, आणि गाडी जागच्या जागी पळवायची. रूळ किती जोराने फिरले त्यावरून घोडे मोजतात. एक घोडा म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम, हे माप जेम्स वॅटने आपले वाफेचे इंजिन खपवायला ठरवले होते. तेव्हापासून घोडे आणि विक्री यांची फारकत झालेली नाही. इथल्या मालकाने गाडीकडे न बघताच आकडा सांगितला, आणि वर म्हणाला, धूर गाळणारे ते डबडे काढून टाकू, गाडी आणखी मोकळी होईल.

जावईबापू क्षणभर मोहात पडलेले मला दिसले. मी विचारले, "आणि धूर तपासणीला गेल्यावर?"

टेक्सासात खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी २०२५ पासून बंद झाली, पण ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत आहे तिथे धुराची तपासणी चालूच आहे. शिवाय क्लीन एअर ॲक्ट नावाचा कायदा आहे. प्रदूषण रोखणारे भाग काढणे त्यात बसत नाही. मालक हसून म्हणाला, तपासणीच्या दिवशी परत बसवायचे. हा उपाय ऐकून मला परदेशात असल्यासारखे वाटेना.

येताना गाडीत जावईबापू बराच वेळ बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "आमच्या अण्णांनी त्याला दारातही उभं केलं नसतं."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. २०१६ साली गेले. त्यांना मी दोनदाच भेटलो, दोन्ही वेळा ते कमी बोलले. त्यांचा तासगावात टेम्पो होता, बजाज टेम्पोची मॅटाडोर. हंगामात द्राक्षांच्या पेट्या भरून संध्याकाळी निघायचे आणि रात्रभर घाट चढत-उतरत पहाटेला मुंबईचा बाजार गाठायचा. द्राक्षे थांबत नाहीत. उशीर झाला की भाव पडतो, आणि भाव पडला की बागाईतदार पुढच्या खेपेला दुसऱ्याचा टेम्पो बोलावतो. म्हणून बाकीचे टेम्पोवाले डिझेल पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून घेत. गाडी काळा धूर ओकत खंबाटकी भरभर चढायची. अण्णांचा पंप मात्र मिरजेचे एक मिस्त्री बघत. मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. तिथे जवारी लावणारे कारागीर आहेत आणि त्यांच्याच पलीकडच्या गल्लीत हे मिस्त्री. त्यांनी सील तोडायला साफ नकार दिला. म्हणाले, "गाडी अर्धा तास लवकर पोचेल, इंजिन पाच वर्षं लवकर जाईल, आणि बँकेचा हप्ता होता तिथंच राहील."

"मी तेव्हा दहा वर्षांचा होतो," जावईबापू म्हणाले. "मला मिस्त्रींचा राग आला होता. सगळे टेम्पो आमच्या पुढे जायचे. अण्णा म्हणायचे, जाऊ दे, घाटाच्या वर भेटतील. आणि भेटायचेच हो बाबा, बॉनेट उघडून उभे!"

मग थोडे थांबून म्हणाले, "ही गाडी घेतली तेव्हा वाटलं होतं, अण्णांना शेजारी बसवून एकदा न्यावं."

त्यावर मी काही बोललो नाही. पण सॉफ्टवेअरमधला, पत्त्याचे पानही न ओढणारा माणूस दुधाचे दोन कॅन आणायला एवढी मोठी गाडी का बाळगतो, हा मला पडलेला प्रश्न सुटला. आणि 'माणूस बघा' म्हणून मला का सोबत घेतले, तेही उमगले. भांडारातला का असेना, शेजारी एक म्हातारा हवा होता.

चौथे स्थळ ब्रेनहॅमच्या बाजूला, ह्यूस्टनपासून दीड तासावर. ना ढाली, ना फोटो. एक शेड, तसेच रूळ, एक कुत्रे आणि माझ्याच वयाचा एक म्हातारा. त्याने पहिला प्रश्न विचारला, "गाडी कशाला वापरता?"

जावईबापू चाचरले. ऑफिसला जायला, भाजी आणायला, असे म्हणायची त्यांना लाज वाटली असावी. मी म्हणालो, "सहा आठवड्यांनी हिच्यात तान्हे बाळ बसणार आहे."

म्हाताऱ्याने कागदावर ते लिहून घेतले. खरोखर लिहिले. मग कोणते पेट्रोल भरता म्हणून विचारले. जावईबापू ९३ म्हणाले. "नेहमी?" "बहुतेक वेळा." "मग ८७ चाच तक्ता करू," तो म्हणाला. ९३ साठी ठिणगी लवकर पाडायचा तक्ता केला आणि कधी टाकीत ८७ पडले, तर सिलिंडरात पेट्रोलचा भडका वेळेआधी, वेडावाकडा उडतो. त्यालाच नॉकिंग म्हणतात. गाडीतला सेन्सर ते ओळखून ठिणगी मागे घेतो, पण रोज त्याच्या भरवशावर गाडी हाकणे म्हणजे रोज शेजाऱ्याच्या भरवशावर दूध विरजणे. शिवाय हिला दोन टर्बो आहेत, तक्ता बदलून हवेचा दाब वाढवला की घोडे वाढतात हे खरे; पण दाब सोसायचा असतो तो पिस्टनला, आणि आकडा मिरवतो तो मालक.

मी दुभाष्याशिवाय हे सगळे समजत होतो. म्हाताऱ्याचे इंग्रजी मला निम्मे कळत नव्हते, पण मिरजेच्या मिस्त्रींचे मराठी मी नुकतेच ऐकले होते.

त्याने आधी स्वतः गाडी चालवून आणली, रेडिओ बंद करून. प्लग काढून उजेडात धरून पाहिले. नवी नळी नीट बसली नव्हती, तिथून चोरून हवा शिरत होती, ती जागा बोट ठेवून दाखवली. मूळचे तक्ते एका चकतीवर उतरवून ती जावईबापूंच्या हातात दिली आणि म्हणाला, ही जपा, उद्या मी मेलो तरी गाडी पूर्वीसारखी करता आली पाहिजे. किती घोडे वाढतील, याबद्दल चकार शब्द नाही. शेवटी जावईबापूंनीच विचारले.

"मोजतो," तो म्हणाला. "आधी सांगणारा मोजत नसतो."

रुळांवर गाडी तीनदा पळाली. आकडा आला तीनशेच्या जरा वर. जावईबापूंचा चेहरा पडला, कारण कंपनीच्या पुस्तकात ३७५ लिहिलेले. म्हाताऱ्याने समजावले, पुस्तकातला आकडा इंजिनाच्या तोंडाशी मोजलेला असतो. चाकापर्यंत पोचेतो गिअर आणि आस आपापला वाटा खातात, आणि तुमची ही जड चाके तर दोन्ही वेळचे जेवतात. शिवाय एका शेडमधल्या रुळांचा आकडा दुसऱ्या शेडमधल्या रुळांशी जुळतोच असे नाही. पगार आणि हातात पडणारा पगार यांतला फरक मध्यमवर्गीय माणसाला माहीत असतो. मी जावयांच्या पाठीवरून हात फिरवला.

मग त्याने चाकाचे खरे माप गाडीला सांगितले. गिअर कधी बदलायचे ते सुधारले, नव्या नळीप्रमाणे हवेचा हिशेब दुरुस्त केला आणि ठिणगीला अगदी थोडा धक्का दिला. ताकद हवी असेल तर मागच्या आसातल्या गिअरच्या दातांचे प्रमाण बदला, पैसे साठले की या, घाई नाही, असेही सांगितले. वॉरंटीचे काय, असे जावईबापूंनी विचारले. १९७५ सालचा मॅग्नुसन-मॉस कायदा त्यांना संध्येसारखा पाठ आहे : नुसता बाहेरचा भाग लावला म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. म्हातारा म्हणाला, बरोबर. पण बिघाड त्या भागानेच झाला हे तिला दाखवता आले तर नाकारता येते, तेव्हा बिघाडच होणार नाही एवढेच करू या.

बिल नामांकित शेडने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी झाले. जास्त विचारणारा आणि कमी बोलणारा ट्यूनर निवडावा, हा माझा निष्कर्ष. डॉक्टर निवडायचा नियमही हाच आहे, आणि मुलीसाठी स्थळ निवडायचाही. पहिल्या भेटीत जो आकडा सांगतो त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

उरलेल्या पैशांचे काय करायचे यावर घरी मतभेद झाले नाहीत, कारण सौ.ने कुणाला मत विचारले नाही. "गाडीला पायरी बसवा," ती म्हणाली. गाडीच्या दोन्ही बाजूंना लांबलचक पायऱ्या बसल्या. स्टूल दोरीसकट मोरीत गेले. जावईबापूंनी गाडीला केलेल्या सगळ्या सुधारणांत लेकीने स्वतःहून कौतुक केले ते या एकीचे.

गाडी आता शहाण्यासारखी चालते. चढावर धापा टाकत नाही. पण मला सगळ्यांत मोठा फायदा वाटतो तो हा की काटा खरे बोलू लागला. पूर्वी ६० दाखवत साडेपासष्टने पळणारे जावईबापू आता ६० म्हणजे साठनेच जातात. एक अडचण तेवढी झाली. तक्ते बदलले की कॉम्प्युटरची जुनी आठवण पुसली जाते, आणि पुन्हा चार-आठ दिवस नेहमीसारखी गाडी चालवून त्याने सगळ्या भागांची स्वतः तपासणी करेपर्यंत धुराच्या परीक्षेत तो 'तयार नाही' असे उत्तर देतो. गाडी अशी 'तयार नाही' म्हणत असतानाच एका पहाटे लेकीने हाक मारली. ती तयार होती. तिने पायरीवर पाय ठेवला, गाडीत बसली, आणि आम्ही पस्तीस मिनिटांत इस्पितळात होतो.

नात झाली. तिसऱ्या दिवशी तिला घरी आणताना मी मागे बसलो होतो, तिच्या त्या पट्ट्या-पट्ट्यांच्या खुर्चीशेजारी. रस्ता मोकळा होता, पाटीवर ६० लिहिले होते, पुढे पुस्तकातले ३७५ घोडे जुंपलेले होते. जावईबापू ताशी ४० ने चालले होते. मागून आलेल्या एकूण एक गाड्या आमच्या पुढे गेल्या. "जाऊ दे," ते आरशात बघून म्हणाले.